राहीबाईची लाकडं

सादडा कुणी पाडला नाही. पडला.

वैशाखात वळवाचा वारा सुटला. दुष्काळानं मुळांखालची माती आधीच भुगा करून ठेवली होती. सकाळी बघितलं तर बन्सीच्या वाट्याच्या बांधावर झाड आडवं, मुळं आभाळाकडे, आणि मुळांच्या बोटांत धरलेले दगड तसेच.

बोटं.

बन्सीनं उजवा हात सदऱ्याच्या आत घेतला. त्या हाताला अंगठा होता आणि करंगळी होती. मधलं जे होतं ते माघात रस्त्याच्या दुष्काळी कामावर, दरडीतून निसटलेल्या एका धोंड्याखाली राहिलं.

कुऱ्हाड त्यानं डाव्या हातात धरली होती. धरली होती, एवढंच.

"फोडतो व्हय?" मागून आवाज आला. थोरला भाऊ. कारभारी.

"बघतोय, दादा."

"बघून फुटत आसतं तर मी अख्खा डोंगर बघितला आसता."

कारभारी उकिडवा बसला. सालीत नख रुतवलं, नखाचा वास घेतला. "वलं हाय. आत्ता फोडून उनात टाकलं तर आखाडापातुर जळंल. न्हाई तर हितंच कुजंल. माझी पोरं येतील, फोडतील, नेतील घरला."

"कुनाच्या घरला?"

"घर एकच हाय, बन्सी. तुमाला येड लागलंय म्हनून दोन दिसत्यात."

त्याचं चुकत नव्हतं. पाडव्यापर्यंत घर एकच होतं. मग एका दुपारी कारभारीची बायको गोजरबाई भाकरी वाढता वाढता म्हणाली, "अर्ध्या हाताला पुरी भाकर." हळू म्हणाली. पण माणसं खाली मान घालून जेवत असताना हळू असं काही नसतं. बन्सीची बायको चांगुणा उठली, नवऱ्यापुढचं ताट उचललं, भाकर होती तशी गोजरबाईच्या परातीत परत ठेवली. अंगण ओलांडून पलीकडच्या दोन खणी घरात गेली आणि तीन दगड मांडले.  सासू राहीबाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, भिंत चाचपत तिच्या मागं गेली आणि त्या तीन दगडांशी जाऊन बसली.

भावकी जमली. कारभारी म्हणाला, "चूल येगळी मांडली, मांडू द्या. रानाचा वाटाबी घ्या. पर आखाडात माझ्या दारात इस्तव मागाया आले, तर त्या दिसापासनं चूल एक, रान एक, आन औत माझं."

भावकीनं माना हलवल्या. राजूरच्या वरच्या या डोंगरात ही रीतच होती. पहिला विस्तव थोरल्या चुलीतून न्यायचा आणि पहिला पावसाळा तो विझू द्यायचा नाही. विझवला, तो वेगळं राहायच्या लायकीचा नाही. काडीपेटी होती की. पण चार महिने धुक्यात राहिलेल्या काडीचा गुल शेणासारखा होतो, आणि ओल्या लाकडाला काडी लावून कुणाचं भलं झालंय.

त्याच दिवशी कारभारीनं आणखी एक केलं. आईची लाकडं स्वतःच्या डोक्यावर वाहून आणली आणि बन्सीच्या माळ्यावर चढवली, सगळ्या गावादेखत. त्या भागात म्हातारं माणूस थकलं की थोरला मुलगा आपल्या हातानं त्याची लाकडं फोडून माळ्यावर ठेवतो. आखाडात कुणी गेलं तर मढं घरात ठेवून वाळलं सरपण कुठं शोधणार? ती लाकडं चुलीत जात नाहीत. त्यांच्यावर कोळी जाळी करतो, उंदीर पिलं घालतो. माणूस खाली राहतो. वर बघत नाही.

*

चांगुणा बांधावर आली ती खांद्यावर घण घेऊन. कासोटा घातलेला, पदर खोचलेला. घण तिनं बुंध्याशी टेकवला.

"पाचर धरा," ती नवऱ्याला म्हणाली.

"कोन?"

"तुमी. डावा हात हाय ना धड?"

बन्सी बांधाकडे बघायला लागला. बांधावर माणसं जमत होती. झाड पडलं की माणसं जमतातच, पण आता ती झाड बघायला थांबली नव्हती. बाईनं फाटी तोडावी, कोयत्यानं झुडूप साळावं, डोक्यावर मोळी घ्यावी. बुंध्यात पाचर बाईनं घालायची नाही. घातली तर घराला चीर जाते, असं म्हणतात. कोण म्हणतं? म्हणतात.

"अगं बया!" गोजरबाई वरच्या अंगाला उभी होती. "घराला चीर जाईल की गं."

"गेली की, जाऊबाई. पाडव्यालाच गेली. आता जरा लाकडाला जाऊ द्या."

कुणीतरी हसलं. म्हातारा सहादेव मात्र हसला नाही. भावकीत तोच वडीलधारा. "पोरी, रीत हाय. आमी केलेली न्हाई. लई जुनी हाय."

"सहादेवबाबा," चांगुणानं डोक्यावर पदर घेतला, मगच बोलली, "तुमी त्या नव्या रस्त्यानं राजूरच्या बाजाराला जाता ना?"

"जातो की."

"त्यो आमी बायांनी फोडलाय. वरीसभर. खडी आमी, धोंडे आमी, घण आमी. वर सरकारची सुकडी खाऊन. तुमचा पाय भाजतो का त्याच्यावर?"

सहादेवानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

"तवा कुठं गेल्ती रीत? बाजाराला?"

मग ती बुंध्याकडे वळली. बन्सी अजून उभाच होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि ऊन अजून तेवढं चढलं नव्हतं.

"मला न्हाई जमायचं," तो तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला. "वरून काय आलं का डोळं मिटत्यात माझं. ती धोंडच दिसती."

"मग मिटा. पाचर डोळ्यानं न्हाई धरायची."

"आन चुकलीस तर?"

"चुकले तर दोगं मिळून एक मानूस हू. बसा खाली."

तो बसला.

पाचर सालीवर टेकली. डावा हात. पाच बोटं. अख्खी.

घण वर

बन्सीचे डोळे मिटले

खाली.

लोखंडाचा आवाज डोंगरावर जाऊन परत आला. बन्सीनं डोळे उघडले. पाचर बोटभर आत गेली होती, तिच्या पुढं बुंध्यावर केसाएवढी रेघ. त्यानं बोटं हलवून बघितली. मग तो म्हणाला, "जरा डावीकडं. गाठ हाय हितं."

बांधावरचे लोक गेले. सगळ्यात शेवटी कारभारी गेला.

*

मग तेच. उन्हं. घण. पाचर. सादड्याची साल मगरीच्या पाठीसारखी, आत तांबूस लाकूड, त्याला चिंचेच्या कोळासारखा आंबूस वास. चांगुणाच्या हाताला जुने घट्टे होते त्यांच्याखाली नवे फोड आले. फोड फुटले, तिनं हळद चोपडली, चिंधी बांधली. चिंधी घणाच्या दांड्याला चिकटायची, ओढली की ओली व्हायची. संध्याकाळी भाकरी थापताना तळहात पिठात टेकवत नव्हता, म्हणून ती मनगटानं थापायची. भाकर वाकडी व्हायची. बन्सी वाकडी भाकर तशीच खायचा.

फोडलेलं सगळं त्यांनी वाहून आणलं आणि अंगणाच्या कडेला, कारभारीच्या दारासमोर, रचलं. दुसरीकडं जागा नव्हती असं नाही.

रचायला चांगुणानंच घेतलं. तिच्या हाताला दुष्काळाच्या कामाचं वळण होतं. तिथं मुकादम खडीच्या ढिगाला माप लावायचा, आणि ढीग पोकळ दिसला की लाथ मारायचा. ढीग खचला की दिवस फुकट. म्हणून बाया खडी अशी रचायच्या की मुंगीला वाट मिळू नये. मोठ्याला मोठा, फटीत लहान, लहानाच्या फटीत चुरा. तसंच तिनं लाकूड रचलं. ओंडक्याला ओंडका भिडवला, फटीत ढलप्या ठोकल्या, कडा दोरी लावल्यासारख्या. वर पळसाची पानं, त्यावर पेंढा, त्यावर दगड.

राहीबाई ओट्यावर बसून ऐकत होती. तिला दिसत नव्हतं. "मदनं वारा जातुया का गं?" तिनं विचारलं.

चांगुणा ढलपी ठोकत होती. "हां, आत्याबाई," ती म्हणाली. काय विचारलं ते तिनं ऐकलंच नव्हतं.

पाणवठ्यावर:

— थप्पी बघितली का? भिंतच जनू.

— आगं, माप लावाया यावं मुकादमानं.

— गडी मानसाला जमायची न्हाई.

— गोजरबाई काय म्हनली?

— काय न्हाई. लई येळ बघत हुती. मग हसली.

— हसली?

— हसली. मंजी हसलीच.

*

आभाळ आलं. गेल्या साली न आलेलं सगळं आलं. डोंगर दिसेनासा झाला, मग बांध, मग अंगणापलीकडचं घर. भिंतींना पाझर फुटला. घोंगडी वाळेना, बिछाना वाळेना, वासरू दारात उभं राहून थरथरायचं म्हणून त्यालाही आत घेतलं. चूल आता भाकरीपुरती नव्हती. माणसं तिच्याभोवती राहत होती.

थप्पीच्या वरचा थर जळला. बरा जळला. त्याखालचा काढला तर हाताला गिळगिळीत लागलं.

चांगुणानं एक ओंडका ओढला, दुसरा, तिसरा. ढलप्या निघता निघेनात. फुगून बसल्या होत्या. आतून गरम वाफ आली, शेणाच्या उकिरड्यातून यावी तशी. सगळीकडं पांढरी बुरशी. वैशाखातली ओल तिनं स्वतःच्या हातानं आत कोंडून ठेवली होती. खडीला वारा लागत नाही. लाकडाला लागतो. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. हाताला माहीत नव्हतं.

तिनं ओंडका चुलीत घातला. तो सुंसुं करत राहिला. टोकातून फेस आला. धूर इतका की वासरू खोकलं.

"आळंबी उगवलीया गं तुझ्या भिंतीला!" अंगणापलीकडून गोजरबाईचा आवाज आला. "कालवन कर! सरपनाचं सरपन, कालवनाचं कालवन!"

उगवली होती खरंच. थप्पीच्या बुडाला, पांढऱ्या टोप्या घालून.

चांगुणा बाहेर गेली. पावसात उभी राहून तिनं ती आळंबी खुडली, सगळी, पदरात घेतली, आणि गोजरबाईच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली. "तुमच्याकडं जाळ हाय, जाऊबाई. तुमी शिजवा," ती म्हणाली आणि परत आली. आत आल्यावर मात्र भिंतीकडं तोंड करून बसली. बन्सीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. उजवा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं तो सदऱ्यातून काढला होता.

गोवऱ्या संपल्या. तुराट्या संपल्या. जुन्या सुपाच्या काड्या, मोडक्या खाटेचा पाय, वासराच्या दावणीची खुंटी. राहीबाईला हीव भरलं. सगळी घोंगडी तिच्या अंगावर, तरी खाट वाजत होती. चुलीत राखेखाली मूठभर निखारे उरले, बोरांएवढे. चांगुणा त्यांच्यावर फुंकर मारायलाही भीत होती. फुंकलं तर जळतील, न फुंकलं तर विझतील.

पलीकडच्या घराचं दार दिवसभर उघडं होतं. एवढ्या पावसात कोण दार उघडं ठेवतं? आतला जाळ दिसत होता. दिसावा म्हणूनच.

"जाऊ का मी?" बन्सी म्हणाला. "दादा काय परका न्हाई. म्हातारीचं हाल…"

"जा," चांगुणा म्हणाली. "जा आन इस्तव आना. मग उद्यापासनं त्याच्या औतामागं. आन ताटात भाकर पडली का खाली बघून जेवा."

बन्सी उठला नाही.

"चांगुणे." खाटेवरून आवाज आला. "वर काय हाय?"

"कुठं वर?"

"माळ्यावर."

बन्सीनं वर बघितलं. 

"काढ खाली."

"आई!" बन्सी म्हणाला.

"आत्याबाई, न्हाई." चांगुणा, जी सहादेवाला बोलली, गोजरबाईला बोलली, ती आता मागं सरली. "ती न्हाई. मोडीन, मरीन, पर त्याला हात न्हाई लावनार. तुमची लाकडं हायत ती."

"माझीच हायत ना?"

"व्हय."

"मग मला इचारून ठेवली का? न्हाई. आता मी इचारल्याबिगर काढती." म्हातारीनं घोंगडी बाजूला केली. पाय खाली सोडले. काटक्यांसारखे पाय, त्यावर निळ्या शिरा. दात वाजत होते, पण ती उभी राहिली, हात पुढं करून शिडी शोधायला लागली. "मेल्यावर जाळ दिला तर मला कसा लागंल रं? न्हाई लागायचा. आत्ता थंडी वाजतीया ती मला वाजतीया. मढ्याला न्हाई."

तिचा हात शिडीला लागला. पहिल्या पायरीवर तिनं पाय ठेवला.

बन्सीनं तिला उचलून खाटेवर ठेवलं आणि स्वतः चढला. अंगठा आणि करंगळी यांच्यात एकेक ओंडका चिमटीसारखा धरून खाली देत राहिला. कोळ्याची जाळी त्याच्या केसांत आली. पहिला ओंडका चांगुणानं निखाऱ्यांवर ठेवला. लाकूड बाभळीचं. खडखडीत. त्यानं वाट बघितलीच नाही.

*

धूर बघून कारभारी आला.

ओल्या लाकडाचा धूर पांढरा, जड, कौलांवर लोळणारा. वाळल्या बाभळीचा धूर बारीक, निळसर, सरळ वर जाणारा. बन्सीच्या कौलांतून सकाळपासून सरळ धूर जात होता, आणि गावात वाळकी बाभूळ कुणाकडं आहे हे कारभारीला सांगायची गरज नव्हती. ती त्यानंच फोडली होती.

घोंगडीची खोळ डोक्यावर, पाणी निथळतंय. दारातच थांबला. चुलीत बघितलं. मग माळ्याकडं. मग आईकडं. राहीबाई चुलीला अगदी लागून बसली होती, लुगडं गुडघ्यांवर घेऊन, दोन्ही तळवे जाळाकडं.

"बन्सी," तो म्हणाला. धाकट्याच्या बायकोशी थोरला दीर थेट बोलत नाही. "सांग तुझ्या बायकूला. मानसाचं सरन चुलीत घातलं म्हनावं तिनं."

"मी घातलं," राहीबाई म्हणाली.

"आई, तू मधी…"

"मधी कुठं? मी कडंला बसलीया. शेकत."

"आज-उद्या काय झालं तुझं, तर कशावर ठेवू तुला? सांग ना. ह्या पावसात?"

"वल्यावर ठेव. मला काय धूर लागनार हाय? डोळं तर आधीच गेलेत."

कारभारीचा आवाज खाली आला. "मी फोडली हुती ती. भर उनात. पाठ सोलून निघाली हुती माझी. दुसऱ्या कुनाला हात लावू दिला न्हवता. तुझ्यासाठी फोडली हुती."

 राहीबाईनं तळवे उलटे केले, वरची बाजू जाळाला धरली. "फोडली खरी," ती म्हणाली. "पर मला जाळाया फोडली. शेकाया न्हाई फोडली कवा."

मग म्हणाली, "बस. तूबी शेक. तुझीच हायत."

तो बसला नाही. उभाच राहिला. पण उभा राहिला तोवर चुलीचा शेक त्याच्यापर्यंत पोचत होता, आणि घोंगडीतून, गुडघ्यांतून, त्याच्या सगळ्या अंगातून वाफ निघायला लागली. त्याला ती दिसली. तो वळला आणि पावसात गेला. थोड्या वेळानं पलीकडचं दार लागल्याचा आवाज आला.

*

चांगुणानं थप्पी मोडली. सगळ्यांदेखत रचलेली, सगळ्यांदेखत. पावसात, इरलं घेऊन. एकेक ओंडका घरात आणला, फडक्यानं बुरशी पुसली, चुलीच्या तिन्ही अंगाला उभे-आडवे रचले. दोन उभे, दोन आडवे, मधे हात जाईल एवढी जागा. माळ्यावर, जिथं ती लाकडं होती तिथंही, तसेच. राहीबाई फटींतून बोटं घालून बघायची. बोट अडलं की म्हणायची, "हितं कोंडलंय." चांगुणा काढायची, पुन्हा रचायची. बाभूळ जळत होती आणि तिच्या आचेवर सादडा वाळत होता. बाभूळ संपली त्या दिवशी सादड्यानं पेट घेतला. कुरकुरला, एकदा फेस आला, पण घेतला.

श्रावणात ऊन पडलं. चूल विझली नव्हती. भावकीत कुणी तो विषय काढला नाही. सहादेवबाबा एकदा ओट्यावर येऊन बसले, चिलमीला निखारा मागितला, चांगुणानं चिमट्यानं दिला. "चांगला हाय," ते निखाऱ्याकडं बघून म्हणाले. तेवढंच.

*

दिवाळीनंतर. सादड्याचा राहिलेला बुंधा, सगळ्यात जाड, बांधावरच पडून होता. आता तो खणखणत होता. बन्सी पाचर धरून बसला होता, डोळे उघडे. राहीबाईनं हट्ट केला होता म्हणून तिलाही पाठुंगळी आणून दगडावर बसवलं होतं. हे सरपण चुलीसाठी नव्हतं. माळा रिकामा होता, आणि चांगुणाला माळ्याखाली झोप येत नव्हती.

कारभारी बांधावरून आला. घणाचा आवाज ऐकूनच आला असणार. पडलेल्या फाळक्यांकडं बघितलं. ही कशाची हे त्याला कळलं. चुलीला कुणी एवढी लांब फोडत नाही.

"ए बाई," तो म्हणाला. थेट. "मी थोरला हाय. जाळ मी देनार. बाईनं फोडलेल्या लाकडावर मी माझ्या आईला ठेवनार न्हाई. सांगून ठेवतो."

चांगुणाचा घण वर होता. वरच राहिला.

"मग मी मरत न्हाई," राहीबाई म्हणाली.

"आई…"

"न्हाई मरत. जा. तुझ्या मनाची तयारी झाली का सांगाया ये. तवर हाय मी हितं."

कारभारीनं तोंड उघडलं.  बन्सी हसला. आधी बारीक, मग त्याला आवरेना, पाचर हलायला लागली. कारभारी थोडा वेळ उभा राहिला, आणि मग बांधानं, आल्या वाटेनं, पण येताना होता त्यापेक्षा सावकाश, चालायला लागला.

राहीबाईला ते दिसलं नाही. ती वाकून फाळक्यांवरून हात फिरवत होती, एकेका लाकडावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कापड निवडावं तशी. एकावर तिचा हात थांबला.

"ह्यो काढ गं, चांगुणे. गाठ हाय ह्याला."

"जळंल की, आत्याबाई."

"जळंल. पर पाठीला टोचंल."

चांगुणानं तो बाजूला टाकला. घण पुन्हा वर घेतला.